अव्वानं दिलेली ताकद

"बाहेरचं काही खाता का?" डॉ. नाडगौडांनी विचारलं आणि मला हसू आलं.

ज्याला विचारलं तो माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ. हा माणूस सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही. लग्नाच्या पंगतीत स्वतःचा तांब्या घेऊन बसतो. हॉटेलातला चहा त्याला चालत नाही, कारण त्याच किटलीशेजारी आम्लेटचा तवा असतो. त्याला डॉक्टर विचारत होत्या, बाहेरचं खाता का म्हणून.

"नाही मॅडम," मल्लू म्हणाला.

"काढा? पावडर? कुणी दिलेलं गावठी औषध?"

"काही नाही."

"गोळ्या?"

गोळ्यांचं विचारल्यावर त्याचा चेहरा पडला. मोटारी रिवायंडिंग करणारा माणूस तो. तारेचा एक वेढा चुकला तर सगळं उकलून पुन्हा भरणारा. त्यानं गोळी चुकवणं शक्यच नव्हतं. मीच मग सांगितलं की गोळ्या घड्याळ लावून घेतो आणि घरातलं पाणी उकळूनच पितो. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या, पण ऐकत नव्हत्या. त्यांच्या पुढ्यात रक्ताचा रिपोर्ट होता. किडनीचं काम बिघडलं की चढतो तो क्रिएटिनिनचा आकडा पुन्हा वाढला होता.

मल्लूच्या पोटात उजवीकडे खाली जी किडनी होती ती माझी होती. मागच्या वर्षी दिली. आमची अव्वा, म्हणजे आई, द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळला नाही. त्याची बायको शिवलीला हिला आधीपासून साखर. राहिले मी. मिरजेला माझ्या सासरी यावरून बरंच रामायण झालं. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या घरात आणलेल्या सुनेचं शरीर परस्पर माहेरी कसं द्यायचं. मी म्हटलं, परस्पर नाही, तुम्हाला सांगूनच देतेय. माझे यजमान तेव्हा काही बोलले नाहीत आणि सहीच्या दिवशी गुपचूप सही करून मोकळे झाले. एवढं एक काम त्यांनी आयुष्यात न बोलता नीट केलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. मल्लूच्या तोंडावरची सूज उतरली, तो दुकानात जायला लागला. आणि मग आकडे चढायला लागले. डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस वाढवला, तरी चढतच राहिले. आता त्याला त्या जागी जड वाटत होतं. दाबलं की दुखत होतं.

"त्याचं शरीर किडनीला मान्य करत नाहीये," डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाल्या. "पण का, ते मला समजत नाही. काहीतरी आहे. घरी जाऊन नीट बघा."

मी मिरजेला फोन करून सांगितलं की आठवडाभर माहेरी, गडहिंग्लजकडेच राहते. नीट बघा म्हणाल्या ना, मग मी बघणार होते.

माझा पहिला संशय शिवलीलेवर गेला. तिनं मुद्दाम काही केलं असेल असं नाही, पण बाई कामात बुडालेली असायची. मल्लूचं ऑपरेशन झाल्यापासून तिनं बचत गटातून अळंबीचं काम सुरू केलं होतं. परसात गोठ्याच्या जागी छपरी बांधली होती, बारदानाचे पडदे लावलेली. आत गव्हाचं काड भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दोरीनं टांगलेल्या. त्या पिशव्यांवर आधी पांढरं जाळं धरायचं आणि मग भोकाभोकांतून धिंगरी अळंबी बाहेर यायची, कानाच्या पाळीसारखी. सतत पाणी मारावं लागे. आत गेलं की ओलसर, जुनाट वास यायचा आणि घशात खवखवायचं. ताजी धिंगरी कोल्हापूरच्या हॉटेलांत जायची, उरलेली ती वाळवून पॅक करायची.

मल्लू त्या छपरीत पाऊल टाकत नसे. "कुजलेल्यावर उगवतंय ते," म्हणायचा. आमच्यात काही घरांत खातात, काही घरांत नाही, पण मल्लूच्या लेखी ते मासमच्छीच. शिवलीलेनं हा धंदा घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यानं एकच अट घातली होती, की त्यातला एक तुकडा स्वयंपाकघरात येता कामा नये. तिनंही शब्द पाळला. छपरीतून आली की ती अंगणात हातपाय धुऊन, साडी बदलून मगच चुलीकडे जायची.

मी तिच्या मागे मागे फिरले. भांडी बघितली, पाणी बघितलं, भाजी कशी धुते ते बघितलं. डॉक्टरांनी कच्चं खाऊ देऊ नका सांगितलं होतं, तर ती काकडीसुद्धा उकडून देत होती. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "अक्का, माझ्या हातातनं काही चुकालंय असं वाटत असलं तर सरळ सांगा. मागनं फिरू नका." मग मी फिरणं बंद केलं.

मल्लू मात्र रोज थोडा थोडा बिघडत होता. सकाळी दुकानात जायचा आणि दुपारच्या आत परत येऊन पडायचा. मी त्याच्या पायावर बोट दाबून बघायची. खळगा उठायचा आणि लवकर भरायचा नाही. मी दाबते म्हणून तो लहानपणी ओरडायचा तसा ओरडायचा, "अक्का, सोड की गं." मी हसायची. आत भीती बसली होती. माझी किडनी त्याच्यात आहे या गोष्टीचा मला फार अभिमान होता, तो कशाला लपवू. त्याला बघितलं की मला वाटायचं, हा आता थोडा माझ्यामुळे चालतोय. आणि तीच किडनी आत मरत होती, हे मला बाहेरून बोट दाबून कळत होतं.

अव्वा या सगळ्यात शांत होती. तिची शांतता मला विचित्र वाटायची. मल्लू आजारी पडला तेव्हा ज्या बाईनं देवळाच्या पायरीवर कपाळ फोडून घेतलं होतं, ती आता निवांत होती. जेवायला वाढताना त्याच्याकडे डोळे भरून बघायची. त्याच्या ताटात ती स्वतः वाढायची, शिवलीलेला वाढू द्यायची नाही. भाकरी, पालेभाजी, आणि कारळ्याची काळी चटणी तेल घालून. मल्लूला लहानपणापासून कारळ्याची चटणी प्रिय. मीठ बेताचंच घालते, डॉक्टरला विचारलंय, असं ती मला आपणहून सांगायची.

त्या दुपारी मल्लू आतल्या खोलीत झोपला होता. शिवलीला छपरीत होती. अव्वा आणि मी सोप्यात बसून कारळे निवडत होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "गिरजा, यंदा तुला सर्दी झाली काय गं?"

मला दरवर्षी थंडीत सर्दी व्हायची, एकदा धरली की महिना सोडायची नाही. अव्वानं विचारल्यावर लक्षात आलं की यंदा झालीच नव्हती. तसं मी तिला सांगितलं.

"मग?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मग काय?"

अव्वा उठली. पिठाच्या डब्यांच्या मागे हात घालून तिनं एक स्टीलचा छोटा डबा काढला आणि माझ्यापुढे उघडला. आत करड्या रंगाची बारीक पूड होती. मी नाकाशी नेली. छपरीतला वास होता तो, वाळलेला.

तिनं सगळं कौतुकानं सांगितलं. बचत गटाच्या शिबिरात एक बाई आल्या होत्या, माईकवरून बोलत होत्या. अळंबीत असली काही प्रथिनं असतात की अंगातली रोगाशी झुंजणारी ताकद जागी होते. वाळवून पूड करा, आणि शिजवू नका, शिजवलं की गुण जातो. अव्वानं ते ऐकलं आणि तिला उजेड पडल्यासारखं झालं. कारण ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, आजी, यांची प्रतिकारशक्ती आता कमी असणार आहे, जपा. ते शब्द तिच्या डोक्यात घर करून बसले होते. पोराची ताकद कमी आहे. पोराला सारखी तोंडाला फोडं येतात, सारखा ताप येतो. आणि ताकदीची वस्तू परसात सुतळीला टांगलीय, पण पोरगं शिवत नाही.

"म्हणून चटणीत घाटली," अव्वा म्हणाली. "काळ्यात काळं. दिसत न्हाई, वास बी येत न्हाई. तू मिरजेला नेतीस त्या डब्यात बी तीच दिली. तू बी एक किडनी काढून बसलीयास. दोघांस्नी बी लागंल म्हटलं."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या फुडनं." मग माझा हात धरून ती हळूच म्हणाली, "त्याला सांगू नको. त्याचं पाप माझ्या डोस्क्यावर. किडनी द्यायला माझं रगत जुळलं न्हाई. एवढं तरी मला देऊ दे की."

दिवाळीच्या पुढून. आकडे तेव्हापासूनच चढत होते.

मी तशीच उठले. परसात गेले, डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या की गाडी करा आणि आत्ता घेऊन या.

कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलात मल्लूला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला आणि ताबडतोब मोठी इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टरांनी मला सांगितलं की इंजेक्शनांनी आकडा खाली आला तर किडनी वाचली. नाही आला तर त्यांच्याकडे दुसरं काही नाही.

पोटात अळंबी गेल्याचं मल्लूला डॉक्टरांनीच सांगितलं, मी शेजारी उभी होते. तो डोळे मिटून ऐकत होता. त्यानं आधी बायकोचं नाव घेतलं. मी नाही म्हटलं. मग त्यानं विचारलंच नाही. थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडे पाणी मागितलं. मी पेला दिला तर प्यायला नाही, चूळ भरली. पुन्हा मागितलं, पुन्हा चूळ भरली. असं तो करतच राहिला, शेवटी नर्सनं पेला काढून घेतला.

"अव्वाला सांगू नगा," तो म्हणाला. "मरंल ती."

मलाही तसंच वाटत होतं. पण डॉ. नाडगौडा ऐकेनात. त्यांचं म्हणणं, आजींना सांगितलं नाही तर पोरगा अशक्त दिसतोय म्हणून त्या उद्या दुप्पट घालतील, चटणीत नाही तर ताकात. ते मात्र खरं होतं. अव्वाला कोण ओळखत नव्हतं?

शिवलीला औषधं आणायला खाली गेली होती. डॉक्टर व्हरांड्यात आल्या आणि बाकावर अव्वाच्या शेजारी बसल्या, चक्क तिचा हात हातात घेऊन. मी दुसऱ्या बाजूला होते.

"आजी, तुमच्या घराला राखणीची कुत्री आहेत समजा," त्या म्हणाल्या. "परकं माणूस आलं की ती अंगावर जातात. चांगली गोष्ट आहे. पण तुमच्या घरात एक पाहुणा कायमचा राहायला आलाय. त्याला जगवायचं तर कुत्री झोपलेली पाहिजेत. म्हणून आम्ही मल्लिनाथला गोळ्या देतो. त्याची ताकद कमी झाली नव्हती, आम्ही ती मुद्दाम कमी ठेवली होती."

अव्वा त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"अळंबीतली काही प्रथिनं या कुत्र्यांना जागं करतात. काही उलट झोपवतात, सगळ्यांचं सारखं नाही. प्रयोगशाळेत हे दिसलंय, माणसात नेमकं किती होतं ते मी शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित हे नसतं तरी असं झालं असतं. पण आम्ही आमच्या पेशंटला ते देऊ देत नाही. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. पुन्हा होऊ नये म्हणून सांगते."

"पाहुणा म्हंजे किडनी?" अव्वानं विचारलं.

"हो. ती त्याची नाही ना, बहिणीची आहे. शरीराला ते कळतं."

डॉक्टर गेल्या. आम्ही दोघी बाकावर राहिलो. समोरच्या खिडकीतून पंचगंगेकडची झाडं दिसत होती. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज सारखा येत होता. मला वाटलं आता ही रडेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवायच्या बेतात होते. तिच्यावर रागावण्याचंही मला सुचलं नव्हतं, खरंच सांगते. माझ्याच आईनं माझीच किडनी मारली असं वाक्य माझ्या मनात आलं होतं आणि मी ते ढकलून दिलं होतं. तिला काय माहीत होतं? तिनं तर जपलं होतं.

अव्वा रडली नाही. ती विचार करत होती. ओठ हलत होते तिचे, सामानाचा हिशोब जुळवताना हलायचे तसे. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला होता. तिला काहीतरी सापडलं होतं.

"माझी असती तर त्याच्या अंगानं वळखली असती," ती म्हणाली.

"नाही अव्वा. तुझी असती तरी असंच झालं असतं."

"आईची कशी वळखणार न्हाई? नऊ म्हैनं त्यो माझ्यातच व्हता." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, अगदी साध्या आवाजात, कुणावर आरोप करायचा म्हणून नाही. "तुझं तसं न्हाई. तुला आमी दिली. ईस वरसं झाली, तू त्या घरचं अन्न खाल्लंस, त्या घरचं नाव लावतीस. तुझं रगत आता तिकडचं. त्याच्या अंगाला कळलं त्ये. माझ्या चटणीनं काय हुतंय?"

तिला हे खरंच वाटत होतं. ते धरल्याशिवाय तिला त्या बाकावरून उठताच आलं नसतं, एवढंही मला समजलं. तरी त्या क्षणी मला माझी किडनी परत हवीशी वाटली. मल्लू आत झोपलाय, त्याच्या पोटातून ती काढून घ्यावी आणि बसस्टँडवर जाऊन मिरजेची गाडी धरावी, असं अगदी स्पष्ट वाटलं. त्याची मला लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

तेवढ्यात वॉर्डाचं दार उघडलं आणि नर्स हातात कागद घेऊन बाहेर आली.

"मल्लिनाथ हिडदुगींच्या घरचं कोण आहे? रिपोर्ट आलाय. डायलिसिसला घ्यायचंय, डॉक्टरांनी सहीला बोलावलंय."

अव्वा उठली. पदर सारखा केला आणि तिच्या मागे आत गेली. जाताना तिनं मला चल म्हटलं नाही, आणि मी उठले नाही.

त्यानंतर मल्लू काही वर्षं डायलिसिसवर काढून गेला. निकामी झालेली किडनी सहसा काढत नाहीत, ती तशीच आत राहू देतात. मी मिरजेहून पोचले तेव्हा त्याला आमच्या रानात आंब्याखाली खड्ड्यात बसवलेला होता, गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. बायका लांब उभ्या होत्या, माहेरवाशिणी त्याच्याही मागे. अव्वा तेवढी पुढे गेली आणि तिनं पहिली माती टाकली. मग एकेक जण पुढे होऊन टाकत गेला. मी तिथूनच बघत होते, आणि मल्लूबरोबर माझा अर्धा भाग माहेरच्या मातीत चालला होता.